वाटी, चमचा आणि भाकरी

दिवाळी अंक घरात आला की आमच्याकडे त्याची वाटणी ठरलेली असे. कथा थोरल्या जाऊबाईंकडे, राशिभविष्य मामंजींकडे, व्यंगचित्रे मुलांकडे आणि शेवटची पाककृतींची पाने माझ्याकडे. ती पाने मी स्वयंपाकासाठी वाचते असा घरच्यांचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही. खरे म्हणजे ती मी वाङ्मय म्हणूनच वाचीत आले. कवितासंग्रहावर आपल्याकडे परीक्षणे येतात, चर्चा झडतात. पण ज्या पुस्तकाला हळदीचे आणि तेलाचे डाग पडेपर्यंत माणसे ते वापरतात, त्याच्याविषयी गंभीरपणे बोलावे असे समीक्षकांना क्वचितच वाटते. म्हणून यंदा त्या पुस्तकांविषयीच चार शब्द लिहिते. समीक्षक माझी भाषा घरगुती आहे असे म्हणतील. पण विषयच घरगुती आहे, त्याला माझा इलाज नाही.

मराठीत छापील पाकशास्त्राची परंपरा तशी जुनी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. या तीन पुस्तकांची नुसती नावे ओळीने वाचली तरी एक इतिहास कळतो. पहिले पुस्तक एका पुरुषाने लिहिले आणि त्याने स्वयंपाकाला शास्त्र म्हटले. दुसरे एका स्त्रीने लिहिले आणि ते वाचणारीचे मित्र झाले. तिसऱ्याला शास्त्र व्हायचे नव्हते, मित्र म्हणून ओळखही करून द्यायची नव्हती. त्याने फक्त रुचीचे नाव घेतले. शास्त्राकडून रुचीकडे यायला मराठी पाकपुस्तकाला शंभरेक वर्षे लागली.

‘रुचिरा’चे मोठेपण कशात आहे, हे तिच्या चाहत्यांनाही नीट सांगता येत नाही. पदार्थ पुष्कळ आहेत, हे काही खरे कारण नव्हे. खरे कारण तिच्या मापात आहे. जुन्या बायकांची मापे शेर, मापटे आणि तोळ्यांची. १९५८ पासून देशात किलो-ग्रॅम येऊ लागले. पण नव्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर तोळाही नव्हता आणि ग्रॅमही नव्हता; तिथे होती वाटी आणि चमचा. ओगलेबाईंनी तीच मापे धरली. सासू जवळ नसलेल्या, दोन खोल्यांच्या जागेत पहिल्यांदाच कढई चढवणाऱ्या मुलीला त्या वाटीने किती धीर दिला असेल! माझ्या लग्नात आहेरातून मला हेच पुस्तक मिळाले, आणि साड्यांच्या घडीत जपून ते मी होटगीला आणले.

होटगी हे सोलापूरजवळचे जंक्शन. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावरून विजयपूर-गदगचा फाटा इथे फुटतो. आणि भाषेचेही तसेच आहे. एकाच ओसरीवर वाक्य मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते. शेंगदाण्याच्या चटणीला कोणी चटणी म्हणते, कोणी हिंडी. भाकरीला कोणी भाकर म्हणते, कोणी रोट्टी. माझे माहेर पुण्याचे, पोळी-भाताचे. भाकरी मी खाल्ली होती, थापली नव्हती. सासरी तिसऱ्या दिवशी मी परातीशी बसले. वाटीने पीठ मोजले, वाटीने पाणी मोजले, आणि भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पुस्तकात बघून भाकर येत असती का गं? पिठाला हात लावून बघ. ते सांगतंय.”

पीठ काय सांगते, हे कळायला मला एक वर्ष लागले. गव्हात कणकेला धरून ठेवणारे ग्लूटेन असते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचे पीठ एकत्र राहते ते आपल्या पिठूळपणात पाणी मुरून, आणि तेही पीठ ताजे असेपर्यंतच. आठ-पंधरा दिवसांत ते जुने होते, भाकरीच्या कडा चिरतात. याला आमच्याकडे पिठाची विरी गेली असे म्हणतात. मग पाणी कडकडीत तापवून पीठ भिजवायचे आणि तळहाताच्या टाचेने ते सपाटून मळायचे, म्हणजे गेलेली विरी थोडी परत येते. आता मला सांगा, हे किती वाट्यांत बसवायचे? गिरणीतून दळण कधी आणले, ज्वारी नवी की जुनी, हवा दमट की कोरडी, हे सारे त्या मापात यायला हवे. पुस्तक पदार्थ शिकवते. पीठ ओळखायला शिकवत नाही. हा ओगलेबाईंचा दोष नव्हे, छापील मापाचाच तो मूळचा दोष आहे. परंतु ज्या प्रदेशात पोळीपेक्षा भाकरी अधिक वेळा थापली जाते, तिथे हा दोष अधिक टोचतो.

आणि ज्वारीसुद्धा एकच कुठे आहे? आमच्या भागाची खरी ज्वारी म्हणजे रब्बीची मालदांडी. तिचा निवडक वाण जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र पाककृतीत अजूनही ‘ज्वारीचे पीठ’ एवढेच दोन शब्द असतात. आंबा म्हटल्यावर हापूस की पायरी हे विचारणारे आम्ही, ज्वारी कुठली हे विचारीत नाही.

आत्याबाई ज्वारीचा असा विचार करीत, कारण त्यांनी दुसरीही ज्वारी पाहिली होती. १९७२चा दुष्काळ पडला आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळू लागला. त्याच्या भाकरीबद्दल त्या फार बोलत नसत. “थापताना हातातच तुटायची,” एवढेच म्हणत आणि गप्प होत. ‘रुचिरा’ निघून त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. एकाच महाराष्ट्रात एक स्त्री वाटीने पाक मोजायला शिकत होती आणि दुसरी न जुळणारे पीठ जुळवीत होती. दोन्ही स्वयंपाकच, पण पहिल्याला पुस्तक मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा वाचकांना नुसती तक्रार देऊन कसे चालेल? आमच्या शेंगाचटणीची रीत सांगते. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजावेत. घाई केली की वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. दोन वाट्या दाण्यांना लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरे आणि चवीपुरते मीठ. (पाहा, मीही शेवटी वाटी-चमच्यावरच आले! ओगलेबाईंचा विजय असो.) आता खरी गोष्ट. हे सारे उखळात कुटायचे. कुटता कुटता दाण्याचे तेल सुटू लागते, आणि चिमटीत दाबली तर चटणी गोळा धरते. तिथे थांबावे. मिक्सर वापरायचा तर दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत आणि थांबत थांबत फिरवावे. एकदम फिरवला तर एक तर कोरडा कूट होतो नाहीतर लगदा. ही चटणी कडक भाकरीवर घ्यावी आणि वर दही. कडक भाकरीसाठी भाकरी पातळ थापायची, हवे तर वरून तीळ लावायचे, आणि भाजून झाल्यावर मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत तिच्यातले पाणी घालवायचे. मग ती पापडासारखी होते आणि कित्येक दिवस टिकते. प्रवासाला जाणाऱ्याच्या गाठोड्यात ती आणि शेंगापोळी, एवढे असले की आमच्याकडच्या बाईला निर्धास्त वाटते.

पाककृतींच्या शेजारी आता आणखी एक प्रकार छापला जातो : कुठे खावे याच्या शिफारशी. त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘तोंडाला पाणी सुटेल’ अशा शब्दांनी कोणत्याही पदार्थाची चव कळत नाही. लिहिणाराचे पोट भरले होते एवढेच कळते. शिवाय शिफारस फार लवकर शिळी होते. आचारी बदलला की पाटी तीच राहते आणि चव निघून जाते. म्हणून नाव सांगण्यापेक्षा पारख सांगावी. सोलापुरात उतरलात तर खाणावळीच्या दारात क्षणभर उभे राहा आणि कान द्या. आतून भाकरी थापल्याचा टपटप आवाज येत असेल तर आत जा. ताटात चटणी आली की चिमटीत दाबून पाहा. भुकटीसारखी निसटली तर ती कुटलेली नाही. भरल्या वांग्याशेजारी कच्ची मेथी, मुळा किंवा कांदा न मागता आला, तर तिथे कोणीतरी जेवणाचा विचार केला आहे असे समजा. ही पारख मला कोणत्या शिफारशीत मिळाली नाही, ती आत्याबाईंनी दिली. आणि त्या तर आयुष्यात दोन-तीनदाच बाहेर जेवल्या होत्या.

खाण्याविषयी मराठीत जे ललित लिहिले गेले, ते पुष्कळसे खाणाराने लिहिले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ने आम्हांला पोट धरून हसवले, पण तो खाणाराचा लेख आहे, चुलीपाशी बसणारीचा नव्हे. आमच्या भाकरीला, आमच्या हिंडीला पुस्तकात जागा नाही, म्हणून मी बरीच वर्षे मनातून रुसून होते. तो रुसवा एका पुस्तकाने उतरवला, आणि उतरवताना मला चांगलेच खजील केले. ते पुस्तक म्हणजे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’.

२०१५ साली निघालेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे आहे. तेलातुपाची चैन नसलेल्या घरात काय शिजत होते, मांसाचा कोणता भाग कसा वापरीत, ते वाळवून त्याच्या चान्या कशा करीत, हे सारे त्यात कसलीही दया न मागता सांगितले आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी ते इंग्रजीत नेले. पंगतीत ज्याचा आपण मोठ्याने उच्चार करतो, त्या वचनातला ‘पूर्ण’ शब्द पाटोळ्यांनी ‘अपूर्ण’ केला. एका अक्षराची ही समीक्षा मला मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा भारी वाटते. पुस्तकात पाककृती आणि सामाजिक इतिहास अशा सरमिसळीने येतात की स्वयंपाकासाठी उघडणाराला रीत शोधावी लागते. ती उणीव म्हणून दाखवता येईल. पण मला ते खटकले नाही. ज्या जेवणाला इतिहासाने जागा दिली नाही, त्याची कृती इतिहास वगळून कशी सांगणार?

आमचे घर शाकाहारी. पाटोळ्यांचे पदार्थ मी करणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वाचता वाचता मला आमच्या शेतावर ज्वारी काढायला येणारी एक बाई आठवली. पंधरा-वीस वर्षे ती येत होती. भाकरी तिची ती फडक्यात बांधून आणी. आम्ही तिच्या वाडग्यात वरून आमटी ओतत असू. मी चटणी देई, आणि दिली याचे मला समाधान वाटे. तुझ्या घरी आज काय केलेस, असे मी तिला एकदाही विचारले नाही. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांनी माझी चूल वगळली म्हणून मी रुसले होते. मी स्वतः कोणाची चूल वगळली, याचा हिशेब मला एका पुस्तकाने घालायला लावला. पुस्तकाने याहून अधिक काय करावे?

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे येळवस येते. त्या दिवशी चूल घरी पेटली तरी जेवण शेतात होते. ज्वारीच्या ताटांच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. गाडग्यातून ताक-ज्वारीची आंबील नेतात. पालेभाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवून भज्जी होते. उंडे, गव्हाची खीर असते. या भज्जीला माप नाही. शिवारात त्या दिवशी जे हिरवे मिळेल ते तिचे साहित्य. आत्याबाई गेल्या, आता ती मी करते, आणि सुनेने मागे लागून माझ्याकडून एक वही सुरू करवली आहे. पहिल्या पानावर मी लिहिले, ‘आधी पिठाला हात लावून पाहा.’ मग मागल्या येळवशीला त्या बाईच्या घरी गेले. ती आता थकली आहे. वही पाहून हसली आणि म्हणाली, “आमचं खाणं कशाला लिवता, बाई?” मी म्हटले, “तू सांग तर खरं.” तिने अंबाडीच्या भाजीपासून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत चार पाने झाली. त्यांत वाटी कुठेच नाही; ‘मूठभर’, ‘चिमूटभर’ आणि ‘असेल तर’ एवढीच मापे आहेत.

‘असेल तर’ हे माप कोणत्याही छापील पाकपुस्तकाच्या कोष्टकात मला आढळले नाही. पुढचे मराठी पाकपुस्तक जो कोणी लिहील, त्याने ते घालावे. आणि तोवर, वाचकहो, या सुटीत फराळाचे ताट पुढे आले की ते करणारीला एवढेच विचारा, की हे तू कोणाकडून शिकलीस. उत्तर लिहून ठेवा.