लिहिलेला सूर आणि वाजणारा सूर

क्लॅरिओनेट या वाद्यावर एक जुना आक्षेप आहे. वादकापुढील कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, तो त्याप्रमाणें बोटें ठेवून फुंकतो, आणि ऐकूं येतो तो मात्र निराळाच सूर! बी-फ्लॅट जातीच्या वाद्यांतून तो एक पूर्ण स्वर खालीं येतो, ए जातीच्या वाद्यांतून दीड स्वर खालीं. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर लिहिली पांढरी एक, आणि वाजली एकदां काळी पांच, तर एकदां पांढरी सहा. लेखन आणि नाद यांची अशी फारकत करणारी पद्धति मोडून टाकावी, असें कित्येकांना वाटतें. हा आक्षेप कितपत टिकतो, हें आम्हांला येथें पाहावयाचें आहे.

प्रथम वाद्याची घडण लक्षांत घेतली पाहिजे. न्यूरेंबर्गच्या डेनरनें १७०० च्या सुमारास हें वाद्य घडविलें असें मानतात. बांसरी जोरानें फुंकली म्हणजे त्याच बोटांवर वरच्या सप्तकांतला तोच स्वर मिळतो. क्लॅरिओनेटची नळी सरळ व एका टोंकास बंद असल्यासारखी वागते, म्हणून तिच्यांत सप्तक ओलांडून वरचा पंचम मिळतो. जीं बोटें खालीं षड्ज देतात तींच वर पंचम देतात. शिवाय मध्यें एक अवघड जोड आहे. बहुतेक छिद्रें उघडीं असतां निघणाऱ्या दुबळ्या सुरावरून, सर्व छिद्रें झांकून निघणाऱ्या भरदार सुरावर एका क्षणांत जावें लागतें. म्हणून या वाद्यावर एक सप्तक साधलें म्हणजे दुसरें आपोआप साधत नाहीं.

प्रारंभीच्या वाद्यांना चाव्या थोड्या, त्यामुळें आडवळणाच्या पट्ट्या बेसूर होत. यावर उपाय निघाला तो निरनिराळ्या लांबींचीं वाद्यें करण्याचा. मोझार्टनें १७९१ सालीं आन्टोन श्टाडलरसाठीं लिहिलेला कन्चेर्टो ऐकतांना पांढरी सहाच्या पट्टींत आहे; वादकाच्या कागदावर मात्र तो साधा ‘सी मेजर’ दिसतो. वाद्य बदललें तरी लिहिलेल्या खुणेचें बोट बदलत नाहीं, ही त्यांतली सोय. ज्यांचा षड्ज गळ्याप्रमाणें काळी एकवर किंवा पांढरी चारवर बसतो, त्या आमच्या रसिकांना नांव आणि नाद यांच्या या फारकतीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं.

परंतु हें साम्य फार ताणूं नये. आमच्या मैफलींत सर्वांचा षड्ज एकच असतो. वाद्यवृंदांत एकाच सुराला शेजारीं बसलेले दोघे वादक दोन नांवें देतात, आणि संहिता वाचणाऱ्याला त्यांचा मेळ घालावा लागतो. प्रोकोफिएव्हनें आपल्या संहितेंत क्लॅरिओनेट प्रत्यक्ष वाजणाऱ्या सुरांत लिहिलें, तें या दृष्टीनें योग्यच होय. संहिता कानासाठीं असते, वादकाचा कागद बोटांसाठीं. आक्षेपक हे दोन कागद एकच समजतात, येथें त्यांची चूक होते.

दुसरा पक्ष म्हणतो, वाद्यें तरी दोन कशाला? १८१२ सालीं इव्हान म्यूलरनें तेरा चाव्यांचें बी-फ्लॅट वाद्य पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीपुढें ठेवलें. सर्व पट्ट्या या एकावरच वाजतील, असा त्याचा दावा होता. प्रत्येक जातीचा स्वतःचा नादगुण नष्ट होईल, या कारणास्तव समितीनें तें नाकारलें. तिला निव्वळ जुनाट म्हणून हंसणें सोपें आहे. म्यूलरच्या मार्गानेंच पुढें सुधारणा झाल्या, १८३९ मध्यें क्लोझे व ब्यूफे यांनीं चाव्यांची नवी रचना पुढें आणली. तरीहि वाद्यवृंदांतील वादक आजहि दोन्ही वाद्यें जवळ बाळगतो. मोझार्टचा तोच कन्चेर्टो बी-फ्लॅट वाद्यावर वाजवावयाचा तर पांच शार्पांच्या पट्टींत शिरावें लागतें, आणि नेहमींच्या ए वाद्याचा सर्वांत खालचा काळी एकचा सूर तर मिळतच नाहीं, कारण बी-फ्लॅटचा तळ पांढरी दोनवर संपतो. म्यूलर बोटांपुरता खरा ठरला, समिति कानापुरती.

आतां प्रश्न शिक्षणाचा. ‘सी’ वाद्यासाठीं लिहिलेला कागद बी-फ्लॅटवर वाजवावयाचा असेल तर प्रत्येक खूण एक स्वर वर वाचावी लागते. ए वाद्याचा कागद असेल तर अर्धा स्वर खालीं. एकेका खुणेचा असा हिशेब करणारा वादक दुसऱ्या ओळीवरच अडखळेल. ज्याच्या बोटांत बाराहि पट्ट्यांचे आरोह-अवरोह मुरले आहेत, तो हिशेब करीतच नाहीं. तो नव्या पट्टींत जाऊन बसतो आणि तेथूनच वाचतो. म्हणून हे आरोह-अवरोह म्हणजे बोटांची तालीम नव्हे, तें व्याकरण आहे, असें आमचें मत आहे.

दुर्दैवानें पुष्कळ ठिकाणीं ते केवळ वेगासाठीं घोटून घेतले जातात. मग जी गत पाठ केलेल्या रूपावलीची, तीच त्यांची होते: रूपें तोंडांत, पण वाक्य रचतां येत नाहीं. एकाच पट्टींत सफाईनें पलटे वाजविणारा पेटीचा विद्यार्थी गायकानें पट्टी बदलतांच गडबडतो, त्याचेंहि मूळ हेंच. शिक्षकानें रोज एखादी सोपी चाल घेऊन तीच चार पट्ट्यांत वाजवावयास सांगावी. वेग थोडा कमी पडला तरी चालेल. पट्टी बदलली असतांहि चाल हरवली नाहीं, म्हणजे विद्या आली असें समजावें.