पहिली सोळा पाने

कादंबरी कुठून वाचायला सुरुवात करावी, या प्रश्नाला 'अर्थातच पहिल्या पानापासून' असे उत्तर देणारा माणूस एकतर पुस्तके विकत घेऊन वाचणारा असतो किंवा मुळीच न वाचणारा असतो. आमच्यासारख्या सार्वजनिक वाचनालयावर पोसलेल्या वाचकाला पहिले पान ही चैन आहे. पुस्तके सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवतात. एखादी लोकप्रिय कादंबरी शे-दीडशे घरांतल्या उशांखालून, एस.टी.तल्या पिशव्यांतून आणि फोडणीच्या अंतरावरून फिरून आली की सगळ्यांत आधी निखळतो तो पहिला फर्मा. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यात नोकरीच्या निमित्ताने मी जिथे जिथे राहिलो, तिथल्या निम्म्याअधिक कादंबऱ्या माझ्यासाठी सतराव्या पानावर सुरू झाल्या. सतराव्या पानावर नायिका आधीच रडत असते. ती का रडते हे कळेपर्यंत चाळिसावे पान येते, आणि तोवर तिचे रडे आटोपून दुसऱ्याच कोणाचे तरी सुरू झालेले असते.

ही तक्रार नव्हे. उलट साहित्याच्या प्राध्यापकांना पगार घेऊनही जो प्रयोग करता येत नाही तो वाचनालयाने मला माफक वर्गणीत करून दिला. सुरुवात नेमके काय काम करते, हे सुरुवात नसलेली कादंबरी वाचल्याशिवाय कळत नाही.

पहिला शोध असा की, घटना चुकल्याने फारसे बिघडत नाही. कोण कोणाचा मामा, वाडा कोणाचा, कर्ज किती, हे पुढे कोणी ना कोणी सांगतेच. कादंबरीतली माणसे एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हापुन्हा सांगण्यात आपल्या नातेवाइकांइतकीच तरबेज असतात. दुसरा शोध जास्त विचार करायला लावणारा आहे. कादंबरीचा शेवटचा फर्मा गळालेला असेल तर काळजी नसते; शेवट कोणीही सांगतो, न विचारताही सांगतो. पण गळालेली सुरुवात सांगा म्हटले की भलेभले वाचक अडखळतात. 'सुरुवात ना? म्हणजे तो आपला... बोलायला लागतो...' यापलीकडे गाडी जात नाही. शेवट हा प्रसंग असतो, तो सांगता येतो. सुरुवात हा आवाज असतो, तो ऐकावाच लागतो.

आमच्या कॅशियरसाहेबांचे मत निराळे आहे. 'पहिल्या पानावर मुडदा पाहिजे,' असे ते नोटा मोजता मोजता सांगतात आणि एकदाही आकडा चुकत नाहीत. ते जुने अर्नाळकरभक्त. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार आणि काळा पहाड यांच्या नादाने ज्यांना वाचनाची सवय लागली त्यांची संख्या कोणत्याही साहित्य संमेलनाच्या मांडवात मावली नसती. तेव्हा मुडद्याला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण मुडद्याचा हिशेब मुदत ठेवीसारखा असतो. खुनी सापडला की मुदत संपली, पावती परत करा, खाते बंद. तेच पुस्तक दुसऱ्यांदा काढून नेणारा वाचक सापडणे कठीण.

आता दुसरी बाजू पाहा. 'ययाति' (1959) आणि 'मृत्युंजय' (1967) या मराठीतल्या अतिशय लोकप्रिय कादंबऱ्यांत पुढे काय होणार, हे घराघरांतल्या आज्यांना ठाऊक होते. ययाती मुलाचे तारुण्य मागून घेणार आणि कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, यात रहस्य ते कसले? तरी लोक पहिल्या पानाला अडकले ते शेवटपर्यंत सुटले नाहीत. म्हणजे ओढ 'काय झाले' याची नसून दुसऱ्याच कशाची तरी होती.

खांडेकरांचा ययाती सुरुवातीलाच, आपण ही कहाणी का सांगतो आहोत हे आपल्यालाही नीट उमगत नाही, अशा अर्थाचे बोलतो. आपण राजा आहोत असे म्हणता म्हणता स्वतःलाच दुरुस्त करतो आणि 'आहे'चे 'होतो' करून टाकतो. एका क्रियापदात राज्य गेले! हा माणूस आपल्यापासून काही लपवणार नाही, आणि लपवायला गेला तरी त्याला ते जमणार नाही, अशी खात्री पटते. पुढची चारशे-साडेचारशे पाने याच खात्रीवर चालतात.

'मृत्युंजय'ची गोष्ट तर आम्हा बँकवाल्यांना फारच जिव्हाळ्याची. मयत खातेदाराच्या बाबतीत आमचे नियम कडक असतात. मृत्यूचा दाखला आणा, वारसदाराचा अर्ज आणा, हमीपत्र आणा. शिवाजी सावंतांनी काय केले, तर मयतालाच काउंटरवर उभे केले! कर्ण येतो आणि म्हणतो की मला माझी कहाणी सांगायची आहे. आणि मेलेला माणूस कसा बोलेल, ही आपल्या मनातली शंकाही तोच बोलून दाखवतो. शंका ग्राहकाने काढण्याआधी कारकुनाने काढली की ग्राहक निम्मा जिंकला जातो, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. मागून कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापले जबाब द्यायला येतात. पण खाते उघडले ते कर्णाने.

खाते उघडण्यावरून आठवले. पूर्वी नव्या खातेदाराला जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. आता ओळखीचे काम आधार आणि पॅन करतात. मराठी कादंबरीत मात्र जुनी पद्धत बराच काळ टिकून आहे. आधी अर्पणपत्रिका, मग कोण्या मोठ्या माणसाची प्रस्तावना, मग लेखकाचे 'दोन शब्द', जे सहसा दोन हजारांच्या खाली उतरत नाहीत. एवढी ओळख झाल्यावर कादंबरी सुरू होते आणि सूर्य उगवतो. मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या पानांवर जितके सूर्य उगवले तितके अजून पृथ्वीवरही उगवलेले नसतील. वाचक बिचारा क्षितिजावरची लाली, पाखरांचा किलबिलाट आणि मोटेची कुरकुर ओलांडून माणसापाशी पोहोचेपर्यंत ऊन चढते.

याच्या उलट 'कोसला' (1963). भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर आमच्या फॉर्मचे पहिले दोन रकाने, म्हणजे नाव आणि वय, आल्या आल्या भरून मोकळा होतो. पण वय सांगताना मध्येच 'उदाहरणार्थ' हा शब्द घुसडतो. वयाच्या रकान्यात कोणी 'उदाहरणार्थ' लिहिले तर आम्ही फॉर्म परत करू. पण या एका शब्दाने सबंध पांडुरंग कळतो. स्वतःच्या वयाकडेही जो नमुन्यादाखल बघतो, तो पुढे कॉलेजकडे, वडिलांकडे, पुण्याकडे कसा बघेल, हे तिथेच समजते. आणि तो शेवटपर्यंत तसाच बघतो.

या 'शेवटपर्यंत'लाच माझ्या मते खरी किंमत आहे. बँकेत खाते उघडताना नमुना सही घेतात. ती सुंदर असण्याची अट नाही. काहींची सही मुंगीने शाईत पाय बुडवून केलेली वाटते. अट एवढीच की पुढच्या प्रत्येक चेकवर तीच उमटली पाहिजे. कादंबरीचे पहिले पान म्हणजे नमुना सही. मी कसा बोलेन, किती खरे बोलेन, तुम्हाला किती शहाणे समजेन, याचा तो नमुना. पहिल्या पानावर वळणदार सही करणारे पुष्कळ असतात. दीडशेव्या पानावरचा चेक वटवायला गेले की 'सही जुळत नाही' असा शेरा मारावा लागतो. सुरुवात झकास होती पण पुढे मजा नाही, असे आपण म्हणतो तेव्हा सुरुवातीचीच तक्रार करत असतो. ती सुरुवात त्या कादंबरीची नव्हतीच.

आमच्याकडे हळदीच्या मोंढ्यात व्यापारी पॉलिश केलेल्या कांड्यावर भुलत नाही. कांडे मोडतो आणि आतला रंग बघतो. मीही अलीकडे वाचनालयात उभ्या उभ्या पहिले पान वाचतो आणि लगेच मधले एखादे मोडून पाहतो. ग्रंथपाल डोळे वटारतात, पण रंग कळतो.

हरिभाऊ आपट्यांना तर ही सही दर खेपेला करावी लागे. 'करमणूक' हे साप्ताहिक त्यांनी 1890 साली सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः येऊ लागली. वाचक हप्त्याहप्त्याने वाचणार. एक हप्ता फसला तर पुढचा अंक घेणार नाही. हरिभाऊंनी भरवसा टाकला तो यमूच्या आवाजावर. आपले लहानपण, माहेर, सासर ती स्वतः सांगते. पंचविशी ओलांडलेला एक पुरुष एका मुलीच्या तोंडून बोलतो आणि सव्वाशेवर वर्षांनंतरही ती मुलगीच बोलते आहे असे वाटते, हे मुडदा दाखवण्यापेक्षा किती अवघड!

सुरुवातीविषयीचे सगळ्यांत नेमके मत मात्र मला छापील समीक्षेत मिळाले नाही. आमच्या शाखेतल्या शिपाईमामांना वाचनाचा नाद आहे. दुपारच्या सुट्टीत भाकरी झाली की ते लेजरच्या कपाटाला टेकून वाचत बसतात. मी त्यांना एक पुष्कळ बक्षिसे मिळालेली कादंबरी दिली होती. तिसऱ्या पानावर त्यांनी ती मिटली.

"का हो मामा, आवडली नाही?"

"चांगली असंल साहेब. पन ह्यो गडी आपल्याशी बोलंनाच की. दुसऱ्याच कोनाशी तरी बोलूलालाय."

मग त्यांना 'बनगरवाडी' (1955) दिली. माडगूळकरांचा तरुण मास्तर पहिल्याच नेमणुकीवर माणदेशातल्या त्या धनगरांच्या वाडीकडे चालत निघतो, इथून ती कादंबरी सुरू होते. त्याला वाडी ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. तो आपल्यापेक्षा एका पावलानेही शहाणा नाही. बदलीच्या गावी पहिल्यांदा पिशवी घेऊन उतरलेल्या कोणालाही ती चाल ओळखू येते. मामांनी पुस्तक चार दिवसांत संपवले. "ह्यो आपल्यासंगं चालूलालाय," एवढाच अभिप्राय दिला आणि व्हाउचरांचा गठ्ठा उचलून गेले.

दुसऱ्याच कोणाशी तरी बोलणे. मराठी कादंबरीचा बहुतेक वाचक ज्या दाराशी अडतो ते दार हेच. पहिल्या पानावर लेखक पुढच्या रांगेकडे बघून बोलतो. तिथे परीक्षक, प्राध्यापक आणि मित्रमंडळी बसलेली असतात. मागे उभा असलेला माणूस, ज्याने दिवसभर गठ्ठे उचलून रात्रीचा एक तास कसाबसा वाचवलेला असतो, तो मुकाट पुस्तक मिटतो. तो पत्र लिहून कळवत नाही, चर्चासत्रात उठून विचारत नाही. त्याचा तो तास नंतर दुसरे कोणीतरी घेते. हल्ली बहुधा मोबाइल घेतो. 'वाचक कमी झाले' म्हणून आपण परिसंवाद भरवतो, तेव्हा यातले किती आपणच तिसऱ्या पानावर गमावले, याची नोंद कुठल्याच लेजरला सापडत नाही.

आमच्या जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. नर्सी हे नामदेवांचे जन्मगावही आमच्याच जिल्ह्यातले. कथा अशी सांगतात की नामदेव औंढ्याला देवापुढे कीर्तन करू लागले तेव्हा त्यांना तिथून उठवून देवळाच्या मागे जायला सांगितले. ते निमूट मागे गेले आणि तिथे कीर्तनाला उभे राहिले; तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले.

चांगल्या कादंबरीचे पहिले पान हेच काम करते. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे ते देऊळ फिरवते. त्याला सूर्योदय लागत नाही आणि मुडदाही लागत नाही. देऊळ कधी फिरले, हे मामांसारख्या वाचकाला कळतही नाही. त्याला एवढेच दिसते की दार आपल्या समोर आहे आणि उघडे आहे. मग तो चपला काढतो आणि आत जातो. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी बाहेर येत नाही, आणि आम्हाला व्हाउचरांचा गठ्ठा स्वतः उचलावा लागतो.