त्रिमितिदर्शकातील प्रकाशयोजना : एक चिकित्सा

हातात धरून पाहावयाच्या त्रिमितिदर्शकाची चर्चा बहुधा भिंगांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. दिवा हे त्याचे गौण अंग मानले जाते. वस्तुतः पारदर्शिका स्वयंप्रकाशी नसते. तिच्यामागचा प्रकाश हाच तिचा भाष्यकार होय. भाष्यकाराने आपला रंग मूळ ग्रंथावर चढवू नये, ही अपेक्षा येथेही लागू पडते.

व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये द्विनेत्री दर्शनाचे तत्त्व मांडले, तेव्हा चित्रे कागदावरची होती व खोलीतला उजेड त्यांना पुरत असे. १९४७ मध्ये बाजारात आलेल्या ‘स्टीरिओ रिअलिस्ट’ कॅमेऱ्याने रंगीत पारदर्शिकांच्या जोड्या घरोघरी नेल्या. त्याच्या दर्शकात बटन दाबताच बॅटरीवरचा छोटा दिवा लागत असे. ही योजना सोयीची होती. निर्दोष मात्र नव्हती. तंतुदीपाचा विद्युत्‌दाब एकपंचमांशाने उतरला, तर त्याचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो आणि अधिक तांबूस होतो. म्हणजे एकच चित्र नव्या बॅटरीवर सकाळचे, तर जुन्या बॅटरीवर सायंकाळचे भासावे!

आजचा श्वेत प्रकाश-डायोड या दोषावर उतारा म्हणून पुढे केला जातो. तंतुदीप दर वॅटला सुमारे १० ल्युमेन देतो, तर चांगला डायोड १०० हून अधिक. तथापि या तुलनेवर विसंबून केलेली निवड अपुरी ठरते. कारण दर्शकाची कार्यक्षमता दिव्यातून किती प्रकाश निघतो यावर ठरत नाही, बाहुलीत किती पोहोचतो यावर ठरते. दुधी काच प्रकाश सर्व दिशांना विखुरते. भिंगाचे नाभ्यंतर ५० मिलिमीटर, बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटर आणि डोळा भिंगालगत आहे असे धरल्यास, चित्राच्या प्रत्येक बिंदूतून पुढे निघालेल्या प्रकाशाच्या हजार भागांपैकी दीड-दोन भागच डोळ्यात शिरतात. बाकीचा पेटीच्या भिंतींवर व्यर्थ जातो.

यावर संग्राहक भिंग हा सुचणारा उपाय आहे. दिव्याची प्रतिमा बाहुलीवरच पडेल असे ते बसविले, तर अत्यल्प विजेत लख्ख चित्र दिसते. पण डोळा दोन-तीन मिलिमीटर सरकला की चित्र काळवंडते. माणसामाणसांत दोन डोळ्यांतील अंतर वेगवेगळे असते, हे लक्षात घेता हा दोष लहान नव्हे. शिवाय एकदिश प्रकाशात फिल्मवरील धूळ आणि ओरखडे अधिक ठळक होतात. म्हणून संग्राहक भिंग आणि सौम्य प्रसारक यांचा मेळ हाच ग्राह्य मार्ग दिसतो. प्रसारक मात्र फिल्मपासून काही अंतरावर हवा. तो चिकटून असेल तर त्याचा पोत दोन्ही डोळ्यांना निरनिराळा दिसून खोलीचा भास विस्कटतो. दोन डोळ्यांसाठी दोन डायोड असतील, तर ते एकाच मालेत जोडावेत, म्हणजे दोहोंतून समान प्रवाह वाहील. तरीही जोडी तेज पारखूनच निवडावी. दोन कोरड्या घटांचा ३ व्होल्ट दाब श्वेत डायोडला लवकरच अपुरा पडतो; तेव्हा दाब वाढवून प्रवाह स्थिर राखणारे मंडल आवश्यक ठरते.

रंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. पारदर्शिकेचे सर्व रंग तीन रंजकद्रव्यांच्या थरांतून घडतात. दिव्याच्या वर्णपटात गडद तांबड्याची उणीव असेल, तर मानवी त्वचा निस्तेज दिसते. स्वस्त डायोडांत ही उणीव नित्याची असते. कोडॅक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. तिच्यावरची जुनी चित्रे पुन्हा घडणारी नाहीत. अंधारात ही फिल्म दीर्घकाळ टिकते, पण तीव्र प्रकाशात तिचे रंग तुलनेने लवकर विटतात. त्यामुळे दिव्याचे तेज कमीअधिक करण्याची सोय असणे आणि बटन सोडताच तो विझणे, ही जुन्या दर्शकातील शिस्त नव्यानेही पाळणे इष्ट आहे.

सारांश, दर वॅटला थोडे कमी ल्युमेन देणारा, पण वर्णपट भरीव असलेला डायोड पत्करावा, आणि काटकसर प्रकाशाच्या दिशादर्शनातून साधावी. विजेची बचत करताना चित्राचा रंग गमावणे, हा सौदा कार्यक्षम म्हणता येणार नाही.