कोळशाचे स्थिरचित्र : जाणीव आणि दृष्टी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील घरांत आढळणारे काजळलेले मडके, वाळलेला तुंबा आणि मोहफुलांची बांबूची टोपली कोळशाने रेखाटताना एक प्रमाद हटकून घडतो. मडके काळे, हे ठाऊक असल्यामुळे हात ते सर्वत्र काळेच करतो. वस्तुतः खिडकीकडील कडेवरची त्याची चमक तुंब्याच्या छायेहूनही उजळ असू शकते. येथे जाणीव दृष्टीवर मात करते. रेषा कितीही नेटकी असली तरी हा दोष झाकला जात नाही. सुदैवाने कोळशाची पूड कागदाच्या खरखरीत पृष्ठावर नुसती टेकलेली असते. ती फडक्याने सहज पुसता येते. म्हणून डोळे किंचित मिटून छटा परस्परांशी ताडून पाहाव्यात आणि चुकलेला काळोख निःसंकोच पुसावा. या माध्यमात प्रकाश म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद होय. वनजीवनाविषयीचे आपले ममत्व पाहिलेले की केवळ ऐकीव, याची कसोटी त्या कोऱ्या जागेतच लागते.