नाउरूचे फॉस्फेट : स्वामित्व आणि नियंत्रण

नैसर्गिक संपत्ती विपुल असूनही छोटी राष्ट्रे दरिद्री का राहतात, या प्रश्नाचे उत्तर ‘संसाधन-शाप’ या संकल्पनेच्या आधारे देण्याचा प्रघात आहे. त्यासाठी पॅसिफिक महासागरातील नाउरूचा दाखला हमखास दिला जातो. फॉस्फेटने श्रीमंत झालेल्या बेटवासीयांनी पैसा उधळला आणि ते कंगाल झाले, असे त्याचे तात्पर्य सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे विवेचन अपुरे आहे. कारण ते १९६८ पूर्वीचा इतिहास वगळते.

सुमारे २१ चौ. कि.मी. क्षेत्रफळाच्या या बेटावर १९०० मध्ये उच्च प्रतीचे फॉस्फेट आढळले. त्या वेळी बेट जर्मनीच्या ताब्यात होते. ब्रिटिश कंपनीने उत्खनन सुरू केले तेव्हा जमीनमालकांना टनामागे अर्धा पेनी मिळत असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या करारान्वये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी हा व्यवसाय स्वतःकडे घेतला आणि उत्पादनाची ४२, ४२ व १६ टक्के अशी वाटणी ठरविली. त्यांच्या शेतकऱ्यांना हे खत जागतिक भावापेक्षा स्वस्तात मिळू लागले. राष्ट्रसंघाने ज्यांना विश्वस्त नेमले तेच उत्पादक, तेच ग्राहक आणि तेच भाव ठरविणारे होते. विश्वस्ताचे कर्तव्य आणि ग्राहकाचा स्वार्थ यांतील हा विरोध ‘शाप’ या शब्दात लुप्त होतो. शापाला कर्ता नसतो. कराराला मात्र स्वाक्षरी करणारे असतात.

स्वतंत्र नाउरूने सुमारे २.१ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून हा उद्योग विकत घेतला. आपल्याच भूमीतील संपत्तीवर ताबा मिळविण्यासाठी त्याला किंमत द्यावी लागली. स्वातंत्र्यापूर्वी खणून काढलेल्या जमिनीबाबत नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाने १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे बहुतेक प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली.

तथापि, सर्व दोष वसाहतवादाच्या माथी मारणे हेही अर्धसत्यच ठरेल. स्वातंत्र्यानंतरही उत्खनन थांबले नाही. राष्ट्रीय निधीची गुंतवणूक फसली आणि मेलबर्न येथील ५२ मजली ‘नाउरू हाउस’ २००४ मध्ये हातचे गेले. स्वामित्व मिळाले, परंतु परदेशांत गुंतविलेल्या निधीवर प्रभावी देखरेख ठेवू शकणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही. आंतरराष्ट्रीय समुद्रतळावरील खनिजांसाठी एका कॅनेडियन कंपनीच्या उपकंपनीची पुरस्कर्ती म्हणून नाउरूने जून २०२१ मध्ये उत्खननाचे नियम दोन वर्षांत पूर्ण करण्याची मागणी केली. एप्रिल २०२५ मध्ये मात्र त्याच मूळ कंपनीने अमेरिकी कायद्याखाली परवान्यासाठी अर्ज केला. पुरस्कर्त्या राष्ट्राचे नाव आणि निर्णयाचे सूत्र पुन्हा वेगवेगळ्या हाती असल्याचे यावरून दिसते.

सारांश, परकीय गुंतवणुकीचे मूल्यमापन करताना संपत्ती कोणाच्या नावावर आहे, एवढेच पाहून भागणार नाही. भाव कोण ठरवितो, हिशेब कोण तपासतो आणि उजाड झालेल्या जमिनीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.