सरासरीची हवा कोणाची?

मुंबईच्या हवेवरचा नीरीचा २०१० सालचा अहवाल मी अलीकडे पुन्हा वाचला. विज्ञान म्हणून त्याची परीक्षा तज्ज्ञ करतील. मी तो समाजाचे चित्रण म्हणून वाचला, आणि कुठल्याही चित्रणाला विचारावा तोच प्रश्न विचारला : यात माणूस कुठे आहे?

पद्धत अशी. शहराचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडायचे. कुठून किती धूर, किती धूळ निघते ते नोंदवायचे. वाऱ्याची दिशा, वेग, चिमणीची उंची गणितात घालून प्रदूषण कुठे किती उतरेल ते काढायचे. मग कचरा जाळणे थांबले तर काय, इंधन बदलले तर काय, हे आधीच तपासता येते. या मॉडेलची ताकद मी नाकारत नाही. एखाद्या हिवाळ्यात वारा जोरात वाहिला की हवा सुधारते आणि श्रेय धोरण लाटते. गणितात वारा तोच ठेवला की ही लबाडी उघडी पडते.

पण नोंदी पाहा. चूल आहे, बेकरी आहे, रस्त्यावरची धूळ आहे. चूल फुंकणारी बाई येथे येते ती प्रदूषणाचा ‘स्रोत’ म्हणून! चिमणीची उंची गणितात येते. झाडूवर वाकलेल्या सफाई कामगाराचे तास येत नाहीत.

माहुल आणि धारावी येथे स्वतंत्र मोजणी झाली, हे अहवालाचे श्रेयच. धोरणाने मात्र सरासरी उचलली. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने २०१७ च्या तुलनेत धूलिकण २० ते ३० टक्के घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले, पुढे ते ४० टक्क्यांवर नेले. माप शहरागणिक एकच. आता तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथल्या माणसांना रिफायनऱ्यांशेजारी माहुलला पाठवले गेले, ते आठवा. २०१९ साली उच्च न्यायालयाला ही सक्ती रोखावी लागली. या स्थलांतराने शहराच्या सरासरीत तसूभर फरक पडत नाही. फुप्फुसे तेवढी हलली, आणि कागदावर धोरण निर्दोष राहिले. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना हा हिशेब नवा नाही.

गणिताला हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. चौकोनातल्या आकड्याला तिथल्या माणसांच्या संख्येने आणि त्यांच्या उघड्यावरच्या तासांनी गुणता येते. हा गुणाकार केल्याशिवाय कोणत्याही धोरणाला यशस्वी म्हणायला मी तयार नाही.