विज्ञानकथेची हौस आणि आपण

मराठी विज्ञानकथेची चर्चा निघाली की ती ठरावीक दोन प्रश्नांभोवती फिरते. कथेत विज्ञान किती आणि लालित्य किती, हा पहिला प्रश्न. तिला साहित्य म्हणायचे की विज्ञानप्रसाराचे साधन, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न प्रस्थापित समीक्षेने आपल्या सोयीने उभे केलेले आहेत. तिसरा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. विज्ञानकथा लिहिण्याची हौस ह्या समाजात कोणाला परवडली, आणि त्या हौसेतून जे उद्याचे जग रंगवले गेले त्यात आपण कोठे आहोत? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर मराठी विज्ञानकथेला जितके अडचणीचे आहे तितकेच ते दलित साहित्याच्या समीक्षेलाही अडचणीचे आहे.

'हौस' हा शब्द मी हिणवण्यासाठी वापरीत नाही. मराठी विज्ञानकथा हौशी लेखकांनीच उभी केली. डॉ. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ, डॉ. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले संशोधक, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर. कथा लिहून पोट भरावे अशी गरज ह्यांपैकी कोणालाही नव्हती. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या, दिवाळी अंकांनी पाने दिली, आणि हौसेला वाट मिळाली. पण हौस टिकायला मोकळी संध्याकाळ लागते, घरात टेबल लागते, हाताशी पुस्तके लागतात आणि लिहिलेले वाचून 'पुढचे लिही' म्हणणारे एक तरी माणूस लागते. ज्या घरात पहिलाच मुलगा पदवीधर होतो, त्या घरात त्याची संध्याकाळ शिकवण्यांत, धाकट्या भावंडांचे फॉर्म भरण्यात आणि वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहिण्यात संपते. हौशी लेखनाचा इतिहास हा मोकळ्या वेळेच्या वाटणीचाही इतिहास असतो, आणि आपल्या देशात ही वाटणी जातीने केलेली आहे.

आता १९७४ सालची एक गोष्ट पाहू. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे स्वतः जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव तयार केले होते. त्या वेळी ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते आणि नावाच्या वजनाने परीक्षकांचा निर्णय झुकू नये अशी त्यांची इच्छा होती. हेतू निर्मळ होता, ह्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मराठी साहित्यविश्वाने ही गोष्ट पुढे गमतीदार आठवण म्हणून सांगितली. तिच्यातला सिद्धान्त मात्र उचलला नाही. केंब्रिजला शिकलेल्या एका गणितज्ञाने ह्या कृतीतून एवढेच मान्य केले होते की, नाव पाहिले की वाचणाऱ्याचा निकाल बदलू शकतो.

ह्याच्या अकरा वर्षे आधी, १९६३ साली, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो आणि परक्या गावात राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही. जात उघडी पडते तेव्हा त्याला मार खावा लागतो. ह्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. नारळीकरांनी नाव लपवले ते नावाचा फायदा होऊ नये म्हणून. बागुलांच्या तरुणाने जात लपवली ती तिची शिक्षा होऊ नये म्हणून. एकाचे खरे नाव कळले तेव्हा कौतुक झाले, दुसऱ्याची जात कळली तेव्हा काठ्या पडल्या. जगताप हे आडनाव अनेक जातींत आढळते, आपल्यातही आढळते. नारायण विनायक जगताप नावाचा खरोखरीचा एखादा हौशी लेखक आपल्या वस्तीत असता तर त्याच्या कथेचे पुढे काय झाले असते? बक्षीस कदाचित त्यालाही मिळाले असते. पण बक्षिसानंतर लेखकाला जे दार उघडते ते कथेच्या गुणावर उघडते की आडनावावर, हा प्रश्न उरतोच.

नावांचा हा प्रश्न कथेच्या आतही शिरतो. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक मराठी विज्ञानकथांतील शास्त्रज्ञांची आडनावे पुण्या-मुंबईच्या ठरावीक पेठांतली आणि उपनगरांतली वाटतात. त्यांत जात कोठेच नसते आणि आडनाव सर्वत्र असते. माणूस दुसऱ्या आकाशगंगेत पोचतो, पण यान धुणारा, प्रयोगशाळा झाडणारा, गटार उपसणारा कोण, हे कथा सांगत नाही. लेखक म्हणेल, उद्याच्या जगात जात उरलेलीच नाही. मग ती कशी गेली? कोणी घालवली? त्यासाठी कोण मेले? प्रकाशाच्या वेगाजवळ जाणारे यान कसे चालते हे दोन पाने समजावून सांगणारा लेखक जातीच्या अंताला एक ओळही देत नसेल, तर त्याने जात संपवलेली नाही, फक्त नजरेआड केली आहे.

ह्याचा परिणाम कोठवर जातो ते सांगतो. माझ्या वर्गातल्या, उत्तर नागपुरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विज्ञानकथा लिहिलेली एक वही दाखवली. दाखवताना म्हणाला, "असंच लिवलं सर, हौस म्हणून." कथा चांगली होती. गटारात उतरणारे यंत्र एक दिवस उतरायला नकार देते आणि सगळे शहर अडून बसते, अशी तिची कल्पना. पण यंत्र बनवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते डॉ. अभ्यंकर. मी विचारले, "हेच नाव का?" तो म्हणाला, "सर, शास्त्रज्ञाचं नाव असंच राहते नं." आपल्या बापाच्या, आजोबांच्या आडनावाचा माणूस शास्त्रज्ञ असू शकतो हे त्याच्या कल्पनेतसुद्धा बसत नव्हते. पोरगा स्वतः बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. गुलामगिरी कल्पनाशक्तीत शिरली की कशी दिसते, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

दुसरा मुद्दा पुराणकथांचा. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' ही नारळीकरांच्या पुस्तकांची नावे. फलज्योतिषाविरुद्ध ठामपणे उभा राहणारा हा लेखक. अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा त्याचा हेतू असणे शक्य नाही. ओळखीच्या शब्दाचा हात धरून वाचकाला अनोळखी विज्ञानाकडे न्यावे, एवढाच विचार त्यामागे असावा. पण ओळखीचा शब्द कोणाच्या ओळखीचा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी ब्रह्मा, विष्णू, महेश ह्यांना देव मानणे सोडले. त्यांच्या नातवंडांना वामन भेटतो तो जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'तून. १८७३ सालच्या त्या ग्रंथात अवतारांच्या कथा आक्रमणाचा इतिहास म्हणून उलगडल्या आहेत, आणि वामन हा बळीराजाचा घात करणारा आहे.

आणि येथे एक लक्षणीय गोष्ट घडते. नारळीकरांच्या कादंबरीतला वामन हा यंत्रमानव आहे. लहानसा म्हणून आलेला हा पाहुणा उद्या माणसालाच पाताळात घालील, ही भीती त्या कादंबरीच्या मुळाशी आहे. म्हणजे तेथेही वामन परत न येण्यातच माणसाचे हित आहे. फुल्यांचा वाचक ही कादंबरी बळीच्या बाजूने वाचतो आणि तिच्यात लेखकाने न ठेवलेला अर्थ त्याला सापडतो. प्रस्थापित समीक्षेला तो दिसला नाही, कारण बळीच्या बाजूने वाचण्याची तिला कधी गरजच पडली नाही. इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असे दिवाळीत म्हणणाऱ्या आयाबायांचे वाक्य भविष्यकाळाची आस धरणारे आहे, हेही लक्षात घ्यावे. भविष्य कल्पिण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या समीक्षेकडे वळतो. 'हौस' हा शब्द आपल्याकडे संशयास्पद ठरला आणि तो ठरणे स्वाभाविक होते. 'बलुतं' १९७८ साली आले ते कोणाची करमणूक करायला आले नव्हते. जळलेला माणूस हौसेने बोलत नाही. अनुभवाची सच्चाई हा निकष आपण उभा केला म्हणूनच पांढरपेशा साहित्याची कृत्रिमता उघडी पडली. परंतु शस्त्र म्हणून घेतलेला निकष हळूहळू कुंपण झाला. दलित लेखकाने भोगलेलेच लिहावे, अशी अपेक्षा बाहेरचे प्रकाशक करू लागले आणि आतले समीक्षकही. म्हणजे भूतकाळ आमचा आणि भविष्यकाळ त्यांचा, अशी ही वाटणी झाली. बाबूराव बागुलांच्या १९८१ सालच्या ग्रंथाचे नाव 'दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान' असे आहे. त्यातले 'क्रांति' आपण घेतले. 'विज्ञान' ह्या शब्दाशी आपले नाते काय, हे तपासायचे राहून गेले.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात गेला. त्याच्या मागे राहिलेल्या पत्रात, आपल्याला कार्ल सेगनसारखे विज्ञानलेखक व्हायचे होते, असे आहे. आपण त्याच्यासाठी मोर्चे काढले, आणि ते काढायलाच हवे होते. पण त्याची ही इच्छा आपल्या साहित्याच्या कोणत्या खात्यात मांडायची, ह्याचा विचार आपल्या नियतकालिकांनी किती केला?

अनुभव आणि कल्पना हे एकमेकांचे वैरी नाहीत. डॉ. म. ना. वानखडे ह्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे आपले लक्ष वेधले, १९७२ साली आपण 'पँथर' हे नावही तेथूनच घेतले. त्याच समाजातली ऑक्टेव्हिया बटलर ही लेखिका मात्र आपल्यापर्यंत पोचली नाही. तिची आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाई. बटलरने स्वतः भांडी धुण्यासारखी कामे केली आणि पहाटे दोनला उठून लिहिले. मोकळी संध्याकाळ नव्हती म्हणून तिने रात्र कापून घेतली. १९७९ सालच्या तिच्या 'किंड्रेड' ह्या कादंबरीत १९७६ मधली काळी तरुणी मागच्या शतकातल्या गुलामांच्या मळ्यावर खेचली जाते. कालप्रवास हे विज्ञानकथेचे जुने खेळणे, पण बटलरच्या हातात ते साक्षीपुराव्याचे हत्यार होते. आपल्या देशातही सुरुवात झाली आहे. कोलकात्याची दलित लेखिका मिमी मंडल हिने बटलरवरील ग्रंथाचे सहसंपादन केले आणि २०१८ साली ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनात तो ग्रंथ आला. २०२४ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. मराठीत असा संग्रह निघायला विषयांची वाण नाही.

हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव केरळात २०१८ साली आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तरीही गटारात माणूस उतरतो आणि मरतो. यंत्र असूनही माणूसच का उतरवला जातो, ह्याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्यानेच ही विज्ञानकथा लिहिली पाहिजे. किंवा दुसरा विषय घ्या. कृष्णविवराजवळ घड्याळ मंद चालते, हे शास्त्र आहे. दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा घेतलेला एक तरुण अशा प्रवासाला जातो आणि तरुणच राहून २०५६ साली नागपुरात परततो. तो पहिला प्रश्न कोणता विचारील, आणि त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल? आडनाव?

नागपुरात दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांपुढे माणसांची जी रीघ लागते ती पाहिलेल्याला वाचक कोठून आणायचा ही चिंता करण्याचे कारण नाही. लेखकही वस्त्यांत आहेत. वह्या भरताहेत, दाखवायला लाजताहेत. त्रैमासिकांनी प्रत्येक अंकात ह्या लेखनासाठी चार पाने राखावीत, शिक्षकांनी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात त्याला जागा द्यावी, आणि हौस म्हणून लिहिलेले आहे म्हणून ते कमी दर्जाचे मानू नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फुरसत नाकारली गेली त्यांनी हौस करणे हाही हक्काचा प्रश्न आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी कथा पुन्हा लिहायला सांगितली आहे. शास्त्रज्ञाचे नाव त्याने स्वतः निवडायचे आहे.